दिवा लागला होता

१

हरिणी रस्त्याच्या मधोमध पडली होती आणि तिच्याभोवती उभ्या असलेल्या माणसांपैकी एकही जण दुसऱ्याच्या नजरेला नजर देत नव्हता.

मी जनावरांची डॉक्टर. असल्या सकाळी मला नवीन नाहीत. जंगलातून जाणाऱ्या या रस्त्यावर पूर्वी मला सारखं बोलावणं यायचं. कधी हरिण, कधी रानडुक्कर, कधी ओळखूही न येणारं काहीतरी. मग रस्ते खात्यात एक इंजिनियर आले, ज्यांना आता सगळे कुंपणसाहेब म्हणतात. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही अंगांनी उंच जाळी लावली आणि एका जागी मुद्दाम मोकळी वाट ठेवली. जनावरांचा चारा एका बाजूला आणि पाणी दुसऱ्या बाजूला, त्यांना जाऊ तर द्यायला हवं. या वाटेजवळ जनावर आलं की खांबावरचं यंत्र ते ओळखतं आणि रस्त्याच्या दोन्ही दिशांना लावलेल्या पाट्यांवर पिवळा दिवा उघडझाप करू लागतो. दिवा दिसला की गाड्यांनी रांगत जायचं, नसला तर नेहमीच्या वेगाने. इतकं साधं. तेव्हापासून माझ्यावर या रस्त्यावर यायची वेळच आली नव्हती.

आज आली. पहाटे हॉस्पिटलच्या नर्सेसना घेऊन येणारी बस या हरिणीवर आदळली होती आणि पुढे कठड्याला घासत जाऊन थांबली होती. दाराशी उभी असलेली एक नर्स बाहेर फेकली गेली. ज्या हॉस्पिटलात ती ड्यूटीला निघाली होती तिथेच तिला स्ट्रेचरवरून नेलं होतं. खांदा मोडला होता, मांडीचं हाड मोडलं होतं.

मी हरिणीच्या पोटावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. तिचे दिवस भरत आले होते. हे मी कोणाला सांगितलं नाही.

बसचा ड्रायव्हर पाटीच्या खांबाला टेकून खाली बसला होता. कपाळावर खरचटलेलं, बाकी धडधाकट. पोलिसाने त्याला तिसऱ्यांदा तेच विचारलं आणि त्याने तिसऱ्यांदा तेच सांगितलं.

"दिवा नव्हता, साहेब. आईशप्पथ, दिवा नव्हता. दिवा असता तर मी वेग कमी केला नसता का?"

पोलिसाने वर बघितलं. मीही बघितलं. ड्रायव्हरच्या बरोबर डोक्यावर पिवळा दिवा उघडझाप करत होता.

२

माझ्या सासूबाई विमा कंपनीत अपघातांच्या तपासनीस होत्या. निवृत्त झाल्या, पण खोड गेली नाही. घरात कप फुटला तरी आधी तुकडे कुठे कुठे उडालेत ते बघतात आणि मग झाडू आणतात. लग्न झाल्यापासून मी या घरात एकही कप खोटं बोलून पचवू शकलेली नाही.

संध्याकाळी कुंपणसाहेबांचा फोन आला तेव्हा त्या समोरच बसल्या होत्या, म्हणजे ऐकत होत्या.

"ड्रायव्हरने जबाब बदलला," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चक्क हलका झाला होता. "दुपारी घरी जाऊन आला आणि आपल्या पायाने चौकीत गेला. म्हणतो, दिवा लागला होता, माझंच लक्ष नव्हतं. सुटलो बाई एकदाचे!"

मलाही हायसं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली. कारण भानगड अशी होती की दुसऱ्या दिवशी संध्याकाळनंतर रस्ता समितीची बैठक होती. दिवा ऐनवेळी लागला नाही असं ठरलं, तर ती मोकळी वाट जाळी लावून कायमची बंद होणार होती. निम्मी समिती त्याच संधीची वाट बघत होती. मग जनावरांनी तहानेने जाळीला धडका मारायच्या. आणि दिवा लागला होता असं ठरलं, तर ड्रायव्हरचं लायसन्स जाणार, त्याबरोबर नोकरी, आणि हॉस्पिटलने दिलेलं क्वार्टरही. दिवा खोटा नाहीतर माणूस खोटा. मी सकाळपासून मनातल्या मनात माणसाच्या विरोधात मत देऊन बसले होते, आणि तोही एकदा माझ्या आजारी कुत्र्याला बसमधून माझ्या दवाखान्याच्या दारापर्यंत सोडणारा माणूस.

"समोरून आलेला कोणी होता?" मी फोन ठेवताच सासूबाईंनी विचारलं.

"होता ना," मी म्हटलं. "भाजीचा टेम्पो. त्याच्या बाजूचा दिवा लागलेला दिसला म्हणून तो थांबला होता. त्याच्या डोळ्यांदेखत झालं सगळं. दोन्ही दिवे एकाच वायरवर आहेत, आई. एक लागला म्हणजे दुसरा लागलाच."

"म्हणजे दिवा लागला होता."

"हो. आणि ड्रायव्हरनेही आता कबूल केलंय. संपलं."

सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. हे लक्षण मला माहीत आहे, यानंतर माझी सुट्टी बुडते.

"धडकेनंतर माणूस घाबरलेला असतो. तेव्हा तो बहुतेक वेळा बघितलं तेच बोलतो, रचायला डोकं ताळ्यावर नसतं," त्या म्हणाल्या. "मग घरी जातो, डोकं शांत होतं, आणि तेव्हा तो खोटं बोलायला लागतो. पण स्वतःला वाचवणारं खोटं! या बाबाने उलटं केलंय. सकाळी स्वतःला वाचवणारं बोलला आणि दुपारी घरी जाऊन येऊन स्वतःला बुडवणारं. घरी असं काय होतं गं, सूनबाई?"

३

सकाळी आम्ही त्या वाटेवर पोचलो तर कुंपणसाहेब आणि वायरमन आधीच आलेले. सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत वायरमनने हात जोडले.

"माझ्यामुळे झालं, मावशी. मी काल रात्रभर झोपलो नाही. दिव्यांच्या काचा पुसायचं काम माझं, आणि मी कित्येक महिने इकडे फिरकलोच नाही. धुळीने उजेड अंधूक झाला असणार. ड्रायव्हरला तो दिसलाच नसणार. काय शिक्षा द्यायची ती मला द्या."

"याला काही अर्थ नाही," कुंपणसाहेब तावातावाने म्हणाले. "चूक असेल तर माझी. दिव्यासोबत भोंगा लावा असं मीच सुचवलं होतं आणि मीच मागे घेतलं."

"थांबा हो दोघं," सासूबाई म्हणाल्या. "इथे जो तो गुन्हेगार व्हायला निघालाय आणि गुन्हा काय झालाय तेच कोणाला माहीत नाही. शिडी आहे का?"

शिडी वायरमनकडे होती. चढायला अर्थातच मी. आधी मला समोरच्या बाजूच्या दिव्यावर चढवलं, ज्याच्यामुळे टेम्पो थांबला होता. काचेवर धुळीचा थर होता आणि उजेडाला भुलून आलेले शेकडो किडे त्यावर वाळून चिकटले होते. बोटाने रेघ ओढली तर बोट काळं झालं.

"तरी टेम्पोवाल्याला दिसला," खालून आवाज आला. "आता या बाजूला."

शिडी बसच्या बाजूच्या पाटीला लावली. ही पाटी एका लहानशा बैठ्या क्वार्टरच्या व्हरांड्याला जवळजवळ लागून उभी होती. शहराकडून येताना आधी ते क्वार्टर, मग ही पाटी, मग मोकळी वाट. पाटीच्या पत्र्यावर समोरच्यासारखीच धूळ होती. दिव्याचं डबडं वरून धुळकट होतं. पण काच?

"काय गं? गप्प का?"

"काच स्वच्छ आहे," मी म्हटलं. "एक किडा नाही. पुसल्यासारखी लख्ख."

वायरमनने चटकन मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर एखाद्याला सुटकेचा आनंद दिसला असता. मला भीती दिसली.

"मी नाही पुसली," तो म्हणाला. "देवाशपथ, मी या बाजूला शिडीच लावलेली नाही."

"साहेब, तुम्ही?"

कुंपणसाहेबांनी नकारार्थी मान हलवली. सासूबाई क्वार्टरकडे बघत होत्या. खिडकीतला पडदा किंचित हलला आणि पुन्हा जागेवर आला.

"हे कोणाचं घर?"

"त्याचंच," कुंपणसाहेब खाली बघत म्हणाले. "ड्रायव्हरचं."

४

मला वाटलं आता तडक तिकडे. पण सासूबाई गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, हॉस्पिटलात चल. घाईने दार ठोठावलं की आतली माणसं आवराआवर करतात, हा त्यांचा अनुभव. माझ्या बाबतीत तो त्यांनी अनेकदा घेतलाय.

नर्स पलंगावर पाय टांगलेल्या अवस्थेत होती. आम्ही कोण हे सांगून होत नाही तोच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"त्यांना काही करू नका हो. मीच दाराशी उभी राहून बडबडत होते. बसायला जागा होती, तरी उभी होते. वर म्हटलंही, कोंबडेदादा, जरा चेपा, आज हजेरीला उशीर होतोय."

"कोंबडेदादा?"

ती रडता रडता हसली. "आम्ही चिडवतो त्यांना. पहाटेच्या बसमध्ये आम्ही सगळ्या पेंगत असतो आणि ते एकटे टवटवीत. गुणगुणत चालवतात. इतक्या वर्षांत एक जांभई दिलेली बघितली नाही मी. म्हणून कोंबडा."

"कालही टवटवीत?"

"काल नाही," तिने जरा आठवून म्हटलं. "काल मान धरली होती त्यांची. बसचे ब्रेक करून घ्यायला परवा गॅरेजमध्ये गेले होते, काम संपायला फार उशीर झाला, म्हणून बसमध्येच सीटवर आडवे झाले म्हणे. आता घरी जाऊन बायकोची झोप कशाला मोडू, म्हणाले. पहाटे तिथूनच आम्हाला घ्यायला आले. पण जागे होते हं! डोळे रस्त्यावरच होते."

"त्यांनी वेग कमी केला नाही?"

"नाही. कमी कशाला करतील? पुढे नुसता अंधार होता."

सासूबाई पलंगाच्या कडेवर टेकल्या. नर्सच्या धड असलेल्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला.

"तू पडलीस, बाळ. त्यानंतरचं काय आठवतं? खरं-खोटं आम्ही बघू, तू फक्त आठव."

"मी शुद्धीवर होते," नर्स म्हणाली. "सगळे म्हणतात नव्हतीस, पण होते. स्वतःची नाडी बघत होते, सवयीने. हात दिसत नव्हता. टेम्पोच्या लाइटचा उजेड बसच्या पलीकडे होता. कोणीतरी धावत आल्याचा आवाज आला, आणि मग माझ्या हातावर पिवळा उजेड पडायला लागला. पडायचा, जायचा. पडायचा, जायचा. तेव्हा कुठे मला हात दिसला."

"धावत आल्याचा आवाज आधी, उजेड नंतर?"

"हो."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "शॉकमध्ये माणसाची आठवण अशीच उलटसुलट असते. उजेड आधीपासूनच असणार, तिला उशिरा दिसला असेल."

"असेल," सासूबाई म्हणाल्या. "पण डॉक्टरीणबाई, उन्हाळ्याच्या दिवसांत तो दिवा खिडकीवर घेऊन एक माणूस इतकी वर्षं टवटवीत कसा राहतो, ते मला आज त्याच्या घरी जाऊन बघायचंय. तिन्हीसांजेला. बैठकीच्या आधी."

५

दार ड्रायव्हरच्या बायकोने उघडलं. सडसडीत, बोलायला मऊ, डोळे सुजलेले. नवरा चौकीत सहीसाठी गेला होता. तिने खुर्च्या पुढे केल्या, पाणी दिलं. मग एकदम मला विचारलं, "ताई, तिच्या पोटात पिल्लू होतं ना?"

मी तयार नव्हते. "नाही," मी म्हटलं.

तिने मान डोलावली आणि खिडकीकडे बघत राहिली.

दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, त्यावर अर्धवट शिवलेलं बसच्या सीटचं कव्हर. हॉस्पिटलच्या सगळ्या गाड्यांची कव्हरं तीच शिवायची. कोपऱ्यात जाळी-जळमटं काढायचा लांब बांबू उभा होता, टोकाला वाकवलेली तार. माझ्या सासूबाईंनी बांबू बघितला, मग मान वर करून छत बघितलं. छताच्या चारही कोपऱ्यांत जळमटं लोंबत होती. मला ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या घरी जाऊन छत काय बघायचं?

पण पुढे जे झालं त्यापुढे हे काहीच नव्हतं.

"अगं, मला जरा चक्कर आल्यासारखं होतंय," सासूबाई म्हणाल्या. "आत पलंग आहे का? घटकाभर आडवी होते."

आणि गेल्याही! परक्या माणसाच्या अंथरुणावर, चपला काढून, हात डोक्याखाली घेऊन सरळ झोपल्या. मी दारात उभी राहून जमीन दुभंगायची वाट बघत होते. त्यांना चक्कर वगैरे काही आली नव्हती. सकाळी माझ्याआधी शिडी चढायला निघाल्या होत्या.

"खिडकी लावू का, मावशी?" ती काळजीने म्हणाली.

"नको. उकाडा किती आहे. तुम्ही लावता का रात्री?"

"नाही लावता येत. भट्टी होते खोलीची. पडदा लावला तरी वाऱ्याने उडतो."

बाहेर उजेड उतरू लागला होता. मशीनच्या खोलीतलं घड्याळ ऐकू येत होतं. आणि मग जंगलाच्या अंगाला काहीतरी हललं असणार, कारण एकाएकी सगळी खोली पिवळी झाली. मग काळी. मग पिवळी. भिंत, कपाट, सासूबाईंचा चेहरा; उजेड सरळ उशीवर पडत होता. त्यांनी डोळे मिटले, तरी पापण्यांवर तो आपटत होता. त्यांनी कूस बदलली, तर भिंतीवरून परत आला.

त्या उठून बसल्या.

"इथे माझ्याच्याने पाच मिनिटं डोळा लागणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुझा नवरा इथे झोपून पहाटे गुणगुणत बस चालवतो?"

बायकोने खिडकीकडे पाठ केली. तिचा पदर तिच्या मुठीत गोळा झाला होता. बाहेरच्या दारात पावलं वाजली आणि ड्रायव्हर आत आला. आम्हाला बघून तो उंबऱ्यातच थांबला.

"बरं झालं आलास," सासूबाई म्हणाल्या. "बस. तू काल सकाळी खरं बोललास आणि दुपारी खोटं. दिवा लागला होता हे खरं, आणि तुला तो दिसला नाही हेही खरं. तो बंद नव्हता, झाकलेला होता."

६

"मावशी, मी कबूल केलंय ना?" ड्रायव्हर म्हणाला. "सही करून आलोय. आता कशाला पुन्हा उकरून काढता?"

"कारण त्या सहीने तुझं घर जातंय आणि खरं काय ते रस्त्यावरच राहतंय. उद्या दुसरा कोणी येईल, त्याच्याही बसमध्ये पोरी असतील." सासूबाईंचा आवाज चढला नव्हता. "समोरच्या काचेवर धूळ आणि किडे, आणि तुमच्या दाराशी असलेली काच लख्ख. पुसायला कोणी आलं नाही. मग ती रोज कशाने तरी पुसली जातेय, आणि रात्री किडे बसायच्या वेळी तिच्यावर काहीतरी असतं. पडलेल्या नर्सला आधी पावलं ऐकू आली, नंतर उजेड दिसला. म्हणजे जो धावत आला त्याने आधी झाकण काढलं. जळमटं काढायचा बांबू आहे, पण जळमटं कोणी काढत नाही. व्हरांड्याच्या कोपऱ्यातून तो बांबू दिव्यापर्यंत पोचतो. आणि सगळ्यात मोठा पुरावा तुझी जांभई, जी कोणी कधी बघितली नाही. तुला झाकणाचं माहीत असतं तर सकाळी तू दिव्याच्या नावाने शपथा घेतल्या नसत्यास. तुला ते दुपारी घरी येऊन कळलं."

ड्रायव्हर बायकोकडे बघत नव्हता, मुद्दाम बघत नव्हता.

"मीच झाकायचो," तो म्हणाला.

"बाबा रे, दोन दिवसांत तिसरं काहीतरी सांगू नकोस. माझ्या वयाच्या बाईला इतकं लक्षात राहत नाही."

तेव्हा बायको उठली. आत गेली, पलंगावरची गादी उचलली आणि खालून एक काळी वस्तू काढून आणली. सीटच्या रेक्झिनची टोपी. दुहेरी, आतून मऊ फडक्याचं अस्तर, कडेला इलॅस्टिक, वर बांबूची तार अडकवायला शिवलेली कडी. किती नीट शिवली होती! एकही टाका वाकडा नव्हता.

"त्यांनी मला शपथ घातली होती," ती म्हणाली, "पण मला आता नाही धरवत."

"अगं, गप्प बस," ड्रायव्हर म्हणाला, पण त्याच्या आवाजात जीव नव्हता.

"दिवा लावला तेव्हापासून यांची झोप गेली होती," ती माझ्याकडे बघून सांगू लागली, जणू मीच न्यायाधीश होते. "एकदा स्टिअरिंगवर डुलकी लागली यांना. घरी येऊन सांगितलं यांनी. मी म्हटलं, गाडीभर पोरी घेऊन जाणारा माणूस, याची झोप झालीच पाहिजे. म्हणून शिवली. यांना सांगितलं नाही, सांगितलं असतं तर काढायला लावली असती. यांना वाटायचं जनावरं रात्री येत नसतील, नाहीतर आपल्याला सवय झाली असेल. हे झोपायला गेले की मी घालायची आणि पहाटे यांचा गजर झाला की आधी बाहेर जाऊन काढायची, मग चहा ठेवायची. एक दिवस चुकले नाही. रात्री रस्त्यावर असतंच कोण, असं वाटायचं मला."

"आणि परवा?"

"परवा हे येतील म्हणून घातली. वाट बघता बघता डोळा लागला. गजर यांच्या फोनचा, तो यांच्याबरोबर गॅरेजमध्ये. झालाच नाही." ती थांबली. "आवाजाने उठले. काय झालंय ते मला उठायच्या आधी कळलं होतं. धावत जाऊन बांबूने आधी टोपी ओढली. मला वाटलं, कोणा दुसऱ्याची गाडी आहे. उजेड पडला आणि त्या उजेडात बघितलं, तर आपलीच बस. हे अंगावरच्या काचा झटकत खाली उतरत होते."

खोली पिवळी झाली, काळी झाली. मला आठवलं की मी काल सकाळपासून या माणसाच्या विरोधात मत देऊन बसले होते, तेही मनाला बरं वाटावं म्हणून.

"आणि ताई," ती म्हणाली, "तुम्ही खोटं बोललात. मी तिला रोज जाताना बघत होते. शेवटी शेवटी ती जड चालायची."

७

बैठकीत ती स्वतः उभी राहिली. नवऱ्याने अडवायला पुढे केलेला हात तिने बाजूला केला. टेबलावर टोपी ठेवली आणि जे आम्हाला सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, आपल्या बाजूने एक शब्द न वाढवता.

ज्यांना वाट बंद करायची होती त्यांनी लगेच माना ताठ केल्या. पण त्यांच्या आधी कुंपणसाहेब उठले.

"या बाई माझ्याकडे आल्या होत्या," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "दिवा बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात. दिव्याच्या खिडकीकडच्या अंगाला एक पत्रा लावून द्या, उजेड रस्त्यावर पडेल, घरात येणार नाही, एवढंच मागत होत्या. मी म्हटलं, बघू. हरिणांची झोप, हरिणांची वाट, हरिणांचं पाणी, सगळं मोजून आराखडा केला मी. त्या खिडकीच्या आत माणूस झोपतो हे माझ्या आराखड्यात नव्हतं. आज ऐकेपर्यंत मी ते विसरूनही गेलो होतो. वायरमन, तो पत्रा कापायला किती वेळ लागेल?"

"चहा प्यायला लागतो तेवढा, साहेब," वायरमन हळूच म्हणाला.

वाट राहिली. ड्रायव्हरवरचा ठपका पुसला गेला, कारण दिवा दिसत नसताना तो नेहमीच्या वेगाने चालला होता, आणि तेवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. बायकोला समज देऊन सोडलं. शिक्षा झाली असती तर तिला बहुधा बरं वाटलं असतं. रोज दुपारी ती हॉस्पिटलात जाऊन त्या नर्सचे केस विंचरून वेणी घालू लागली. खांदा मोडलेल्या माणसाला वेणी घालता येत नाही. नर्सने तिला केव्हाच माफ केलं होतं. त्याचाही तिला फारसा उपयोग झालेला दिसला नाही.

पत्रा लागला. मी मुद्दाम तिन्हीसांजेला जाऊन बघितलं. रस्त्यावर पिवळा उजेड चांगला दूरवर जात होता आणि क्वार्टरची खिडकी गडद काळी होती. सासूबाई म्हणाल्या, झालं, संपला अपघात. त्या असं क्वचित म्हणतात, आणि म्हणाल्या तर बरोबर असतात.

या वेळी नव्हत्या. काही दिवसांनी ड्रायव्हरची बायको माझ्या दवाखान्यात आली. जनावर कुठलंच बरोबर नव्हतं. बाकावर बसून राहिली, सगळे गेले तेव्हा बोलली.

"ताई, साहेबांना सांगून तो पत्रा काढून देता का? मला त्यांच्याकडे पुन्हा काही मागायला जायचा धीर होत नाही."

"का? उजेड अजून येतो का आत?"

"नाही. मुळीच येत नाही." तिने खाली बघितलं. "तेच तर. यांना आता अंधारात झोप लागत नाही. सारखे उठून व्हरांड्यात जातात, दिवा चालू आहे का बघतात. काल तिथेच खाली सतरंजी टाकून झोपले, तोंडावर उजेड घेऊन. तिथे मात्र गाढ झोपले. गजर झाला तरी उठेनात."

"आणि तुम्ही?"

ती बराच वेळ माझ्या टेबलावरची स्टेथोस्कोपची नळी सरळ करत राहिली.

"मला दोन्हीकडे नाही लागत," ती म्हणाली. "मी असते जागी. त्या हरिणीचा कळप रोज जातो वाटेवरून. मी बघते, सगळे पलीकडे पोचले की नाही."